समोरच्या जागेवरचा दुपट्टा

चांदा फोर्टहून सकाळी गोंदियाकडे जाणारी गाडी पूर्ण थांबायच्या आत मी खिडकीतून दुपट्टा आत टाकतो. आमच्याकडे पुरुषाच्या खांद्यावरच्या पंच्यालाही दुपट्टाच म्हणतात. ज्या जागेवर तो पडला ती जागा त्या माणसाची, असा या लाइनवरचा कायदा आहे. रेल्वेने केलेला नाही, म्हणून सगळे पाळतात. मग मी सावकाश चढतो आणि दुपट्ट्याच्या समोरच्या खिडकीत बसतो. दुपट्टा तसाच राहू देतो.

माणसं येऊन विचारतात, "इथी कोणी हाये का?"

"हाये."

"कुठी गेले?"

"येऊन राह्यले."

केळझरचं जंगल जातं, मूल स्टेशन जातं, राजोली जातं. सिंदेवाही येते. मी फलाटाकडे एकदा पाहतो, फार मान न वळवता. गाडी हलली की दुपट्टा उचलून खांद्यावर टाकतो आणि जो कोणी उभा असेल त्याला म्हणतो, बसा. काही जण ओळखून आहेत. मूलपासून उभे राहतात आणि सिंदेवाही यायची वाट पाहतात.

यावरून माझी भांडणंही झाली आहेत. एकदा एक पोरगा चढला, डोक्यावर रुंद काठाची टोपी, गळ्यात कॅमेरा. वाघ पाहून झाला होता, आता बहुतेक आमची गाडी पाहायची होती.

"अंकल, एका टॉवेलसाठी अख्खी सीट अडवलीत?"

"टॉवेल आंघोळीले असते. हा दुपट्टा हाये."

"पण माणूस कुठंय?"

"वाघ सांगून येते का तुले? माणूसबी नाई येत."

लोक हसले, पोरगा दारात जाऊन उभा राहिला. मला मात्र नागभीडपर्यंत राग होता. त्याच्यावर नव्हता. त्याने विचारलेला प्रश्न बरोबर होता.

माझा धंदा बारदान्याचा. भात गिरण्यांतून रिकामी, फाटकी पोती उचलायची, झटकायची, रफू करायची आणि दुसऱ्या गिरणीला विकायची. वडील दुसऱ्याच्या शेतावर राबत गेले, मला मागून ढकलणारं कोणी नव्हतं. पहिला गठ्ठा मी स्वतःच्या डोक्यावर वाहिला. या धंद्यात तोंड चालवता आलं नाही तर माणूस पोत्यासारखाच रिकामा होतो. मी भाव करायला शिकलो आणि मग ती सवय कधी सुटली नाही. भाजी घेताना, दवाखान्यात, मुलाच्या शाळेत, सगळीकडे मी भाव केला. राग पटकन येतो, हेही खरं. राग आला की समोरचा घाबरून भाव उतरवतो, म्हणून मीही तो कधी फार आवरला नाही.

ज्याच्यासाठी जागा धरतो तो एसटीत कंडक्टर होता. आमची ओळख भांडणातच झाली. मूलहून गडचिरोलीच्या बसमध्ये मी बारदान्याचा गठ्ठा चढवला आणि त्याने सामानाचं तिकीट फाडलं. मी म्हटलं, रिकामी पोती आहेत, रिकाम्याचं कसलं तिकीट? तो म्हणाला, "रिकाम्या माणसाचंबी तिकीट लागते भाऊ." वाटेतलं सावली गाव येईपर्यंत मी भांडलो. सावली गेल्यावरही भांडलो. तो न चिडता बाकीच्या लोकांची तिकिटं देत राहिला आणि दर वेळी माझ्यापाशी येऊन म्हणाला, "झालं का?" गडचिरोलीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा माझा घसा बसला होता. त्याने मला चहा पाजला. सामानाचं तिकीट मात्र परत घेतलं नाही. मी आयुष्यात ज्याच्याकडून कणभरही कमी करून घेऊ शकलो नाही असा तो पहिला माणूस.

त्याचं घर सिंदेवाहीला, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. आठवडाभर बसमध्ये उभा राहून तो कंटाळायचा, आणि त्याचं म्हणणं असं की, एक दिवस मला कोणीतरी तिकीट द्यावं आणि मी बसून जावं. शनिवारची सुट्टी मिळावी म्हणून तो आगारातल्या कितीतरी जणांच्या दिवाळीच्या ड्युट्या करायचा. मी चांदा फोर्टहून दुपट्टा टाकून त्याची जागा धरायची, त्याने सिंदेवाहीला चढायचं. कुठे जायचं ते गाडीत ठरायचं, म्हणजे भाव करून. मी म्हणायचो वडसा, तो म्हणायचा घोडाझरी. मी म्हणायचो, बरं, आज घोडाझरी, पण पुढचे दोन शनिवार माझे. नागभीडला उतरून घोडाझरीच्या तलावावर जायचो, पाळीवर बसून घरून आणलेल्या भाकरी खायचो. थंडीत वडशाला नाटक पाहायचो आणि रविवारी डोळे चोळत परत यायचो. कधी तर मुलाची शपथ घेऊन त्याला सांगायचो की आज मी बोलणारच नाही, आणि पुढचं तळोधी स्टेशन यायच्या आत हरायचो. बस, एवढंच. आम्ही कधी काही मोठं पाहिलं नाही. पण शुक्रवारी रात्री मला झोप लागायची नाही.

त्याची मुलगी मला मोठेबाबा म्हणायची. आमच्याकडे बापाच्या थोरल्या भावाला मोठेबाबा म्हणतात. मी त्याच्यापेक्षा थोडा मोठा, म्हणून.

तिचं लग्न ठरलं तेव्हा तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मले बोलता येत नाई. तिकडचे लोक आरमोरीचे हायेत, पक्के हायेत. तू बस बोलणीले." मी बसलो. मुलाचा थोरला काका बोलणारा होता. मानपानाची यादी तो तोंडीच सांगत सुटला. लग्नात नवरदेवाच्या माणसांना दुपट्टा-टोपी देऊन मान करायचा असतो. याच्या यादीत मुलाच्या आत्याचे दीरसुद्धा होते, बापाचे नोकरीतले मानलेले भाऊ होते, गावातले मानलेले भाऊ होते. मी सगळी यादी मोडली. दुपट्टा-टोपी सख्ख्यांनाच, आणि दोन्हीकडे तोच नियम, असं ठरवून उठलो. काकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मला स्टेशनवर सोडायला येताना माझा मित्र रस्ताभर हसत होता. त्या दिवसासारखा सौदा मी पुन्हा केला नाही.

लग्नाच्या दिवशी मी पहाटेपासून मांडवात होतो. पाण्याचे ड्रम, स्वयंपाकी, मांडववाला, सगळ्यांशी भांडून झालं होतं. मानपानाच्या वेळी सख्ख्या काका-मामांना दुपट्टा-टोपी झाली. मी बाजूलाच उभा होतो. तेव्हा तोच आरमोरीचा काका माझ्याकडे बोट करून माझ्या मित्राला सगळ्यांसमोर म्हणाला, "आन् हे कोन जी?"

मित्राने माझ्याकडे पाहिलं. धुराने झोंबावा तसा त्याचा एक डोळा मिटला. मग तो काकाकडे वळून म्हणाला, "हे? हे आपल्या ओळखीचे हायेत."

ओळखीचे. मांडववाला ओळखीचा असतो, किराणावाला ओळखीचा असतो. मी खांद्यावरचा दुपट्टा काढला, हात पुसले आणि जेवण न करता स्टेशनवर आलो.

मी वाट पाहिली. सौद्यात एक गोष्ट मी कधी विसरत नाही, की ज्याला गरज असते तो आधी बोलतो. त्याला माझी गरज असेल तर तो बोलेल. फोन नंबर बदलला नाही, रात्री फोन उशाशी ठेवायचो. फोन आला नाही. पुढच्या शनिवारी मी नेहमीसारखा गाडीत बसलो, दुपट्टा टाकला. सिंदेवाहीच्या फलाटावर तो नव्हता. त्याच्या पुढच्या शनिवारीही नव्हता. मग ते नेहमीचंच झालं. लग्नाला आता तिसरं वर्ष चालू आहे.

मधल्या काळात बायको मुलाकडे पुण्याला गेली, नातवाला सांभाळायला. तिथंच रमली. मलाही बोलावतात. गेलोही होतो. तिथे भाजीवाला भाव करू देत नाही आणि नातवाला माझं बोलणं कळत नाही. परत आलो. घरात मी आणि टीव्ही. बारदान्याचं काम आता बसल्या जागी, फोनवर होतं. माणूस लागतच नाही.

म्हणून शनिवार सोडला नाही. वडशाला उतरतो. थंडीत तिथे नाटक मंडळींच्या ऑफिसांसमोर गावोगावचे लोक आपल्या मंडईसाठी, म्हणजे गावच्या जत्रेसाठी, नाटक ठरवायला आलेले असतात. त्यांची घासाघीस मी उभा राहून ऐकतो. "नटी तीच पाहिजे भाऊ, बॅनरवर एक अन् स्टेजवर दुसरी नको." कोण चुकीच्या वेळी बोललं ते मला लगेच कळतं. मधे पडावंसं वाटतं. पण मला कोणी विचारलेलं नसतं. मग कुठेतरी आलुबोंडा खातो आणि दुपारच्या गाडीने परत निघतो. मुक्काम करत नाही. मुक्कामाला बोलायला माणूस लागतो.

अशाच एका शनिवारी परतीच्या गाडीत वडशालाच ती चढली. काखेत लहान मूल, हातात पिशवी. मी ओळखलं आणि खिडकीबाहेर पाहू लागलो.

"मोठेबाबा!"

मी मान वळवली.

"ओळखलं नाई का मले?"

"ओळखलं ना. ओळखीचाच हाय मी."

ती गोंधळली. मग माझ्या समोर बसली, मूल मांडीवर घेतलं आणि एकदम हसू लागली. मला ते आवडलं नाही.

"अजून तेच धरून बसले का जी तुम्ही?"

"धरून बसाले मी कोण? किराणावाला धरून बसते का?"

"मोठेबाबा, थो शब्द तुमचाच होता."

"कोणता?"

"ओळखीचे. बोलणीच्या दिवशी मी दाराच्या मागं उभी होती. माह्या मोठ्या सासऱ्यानं तुम्हाले विचारलं, आमच्या एवढ्या लोकायले तुम्ही भाऊ मानत नाई तर मंग ते कोण हायेत? तर तुम्ही म्हणले, सख्खे ते सख्खे, बाकी सारे ओळखीचे. आत बाया हासून हासून मेल्या होत्या."

मी आठवू लागलो. त्या दिवशी मी पुष्कळ बोललो होतो. बोलायला बसलो की शब्द आपोआप येतात, मागे वळून मी ते मोजत नाही. पण हे वाक्य माझंच होतं. माझ्या तोंडाची चव त्याला होती.

"लग्नात त्यायनं मुद्दाम विचारलं. बाबा भाऊ म्हणले असते तर त्यायचे सारे मानलेले भाऊ मागं तयारच उभे होते, टोप्या घालून घ्याले. बाबानं तुमचाच शब्द वापरला. तुमच्याकडं पाहून डोळाबी मारला."

"थो धूर होता."

"कोणता धूर? गॅसवर सैपाक होता, मोठेबाबा."

ब्रह्मपुरी गेली. माझ्या डोक्यात हिशेब उलटा-सुलटा होत होता. सौदा माझा, नियम माझा, शब्द माझा. त्याने तो राखला. माझ्या कुठल्याही गिऱ्हाइकाने असा राखला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती. तरीही मी म्हणालो, "मंग सांगाले काय झालं होतं त्याले? एक फोन नाई करता आला?"

"बाबा तुमच्याच फोनची वाट पाहत होते. तुम्ही हासत फोन कराल म्हणून. तुम्ही जेवलेबी नाई, तर त्यायले राग आला. मले म्हणले, माह्या पोरीच्या लग्नात थो उपाशी गेला."

"अन् गाडीले? तवापासून एकदा तरी स्टेशनवर आला का?"

"बाबा आता कुठी जात नाई," ती म्हणाली. पुढे काही सांगणार होती, पण मूल रडायला लागलं. मला वाटलं, राग. माझ्यासारखाच त्यालाही राग. ते ऐकून थोडं बरंही वाटलं.

नागभीडनंतर ऊन उतरलं आणि खिडकीतून गार वारा यायला लागला. मुलाच्या पायात काही नव्हतं. मी खांद्यावरचा दुपट्टा काढून दिला. तिने त्याला गळ्यापर्यंत गुंडाळलं आणि ते झोपलं. सिंदेवाही आली तशी ती घाईने उठली, पिशवी घेतली, उतरली. गाडी हलल्यावर माझ्या लक्षात आलं.

"दुपट्टा!" मी खिडकीतून ओरडलो.

ती फलाटावर उभी होती, विसरलेल्या माणसासारखी अजिबात नाही. "घ्याले या मोठेबाबा!" असं ओरडली आणि मुलाचा हात धरून मला टाटा करायला लावला.

दुसरा दुपट्टा बाजारात मिळतो. मी घेतला नाही. मी मनात पुन्हा भाव करायला बसलो होतो. माल त्याच्या घरी आहे, म्हणजे पोचता करायची जबाबदारी त्याची. तो घेऊन येईल. पुढच्या शनिवारी टाकायला काही नव्हतं, म्हणून मी समोरच्या जागेवर हात ठेवून बसलो, पण गाडी सुटायच्या आत एक मोहफुलाच्या पोत्यासकट माणूस तिथे बसलाही. सिंदेवाहीच्या फलाटावर मी दारात जाऊन पाहिलं, या वेळी नीट मान वळवून. कोणी नव्हतं. वडशाला उतरलोच नाही, गाडीतच बसून राहिलो आणि पुढच्या कुठल्याशा स्टेशनवरून परत आलो.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी सिंदेवाहीचं तिकीट काढलं. तेवढंच. खिडकीवर नेहमीच्या माणसाने विचारलं, "आज वडसा नाई का?" मी म्हटलं, "तू तिकीट दे."

त्याचं दार उघडं होतं. अंगणात उभा राहून मी खाकरलो. आतून त्याचाच आवाज आला, "कोण हाये?"

इतक्या वर्षांत मी रात्री अंथरुणात त्याला काय काय म्हणणार ते ठरवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आलं नाही. तोंडातून निघालं, "ओळखीचा."

मग तो म्हणाला, "ओळखीचे लोक दुपारून येतात बे, सकाळी घरचे येतात. चप्पल काढ अन् ये."

तो खाटेवर बसला होता. मी आत आलो तरी उठला नाही. मला वाटलं, अजून अकड आहे. रागाने मीही उभाच राहिलो. "माणूस घरी आला तर उठाची पद्धत नाई का तुह्या घरी?"

"उठता आलं असतं तर स्टेशनवर नसतो आलो का?" तो म्हणाला.

तेव्हा मला खाटेला टेकवलेली काठी दिसली. भिंतीला लावलेला लोखंडी दांडा दिसला. त्याचे गुडघे लुंगीखाली सुजून नारळाएवढे झाले होते. इतकी वर्षं धावत्या बसमध्ये उभा राहिलेला माणूस. त्याने सांगितलं, घरात चालता येतं, अंगणापर्यंत येतं. गाडीची पायरी चढता येत नाही. सिंदेवाहीचा फलाट खाली आहे, पायरी वर आहे. लग्नानंतरच्या पहिल्या काही शनिवारी तो रागाने आला नव्हता. मग राग उतरला, तोवर गुडघे गेले होते.

"मले फोन काऊन नाई केला?"

"काय सांगू? मी लंगडा झालो, आता माफ कर म्हणू?"

मी खाली बसलो. वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी धुऊन घडी केलेला दुपट्टा आणून त्याच्या हातात दिला. त्याने तो उलगडला आणि मला पुढे वाकायला लावून माझ्या गळ्यात टाकला, लग्नात टाकतात तसा, दोन्ही टोकं सारखी करून.

"टोपी कुठी हाये?" मी म्हटलं.

"टोपी सख्ख्याले."

दोघेही हसलो. पण तो हसता हसता भिंतीकडे पाहू लागला, कारण तेवढ्यात स्टेशनवरून कुठल्याशा गाडीचा भोंगा आला. त्याने सांगितलं, दर शनिवारी सकाळी तो माझ्या गाडीचा भोंगा ऐकतो आणि म्हणतो, चालला माझा ओळखीचा.

आता शनिवारी मी वडशाला, कधी घोडाझरीला जातो, आणि परत येताना सिंदेवाहीला उतरून त्याला सगळं सांगतो. घोडाझरीत पाणी किती आहे, वडशाला कोणत्या गावाने कोणतं नाटक घेतलं, कोण चुकीच्या वेळी बोललं. तो भाव करतो. म्हणतो, पुढच्या शनिवारी घोडाझरी पाहून ये. मी म्हणतो, माझे दोन शनिवार बाकी आहेत. भांडण तेच आहे. मात्र अजूनही मधेच मला वाटतं, त्याने त्या दिवशी सौदा मोडून भाऊ म्हणायला हवं होतं. हे त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "तवा तूच भांडला असता माह्याशी." तेही खरं आहे. ते मला अजून पटलेलं नाही.

दुपट्टा माझ्या खांद्यावर असतो. आता मी तो खिडकीतून टाकत नाही. चांदा फोर्टला गाडी लागते, मी चढतो, खिडकीत बसतो. माणसं येतात आणि समोरच्या जागेकडे बोट करून विचारतात, "इथी कोणी हाये का?"

एवढ्या वर्षांची सवय, तोंडावर "हाये" येतंच. मग मी म्हणतो, "नाई. बसा."